म्यान आधी, सुरी मागाहून

हाताने सुरी घडवायच्या नादाला लागलेला माणूस सगळ्यात आधी पोलादाची चौकशी करतो. गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा चालेल का, तापवून तेलात विझवायचा की पाण्यात, मुठीला शिसवी बरी की बाभूळ. पातं झालं, मूठ बसली, पॉलिश झालं की मग म्यानाची आठवण होते आणि घरात पडलेल्या जुन्या पर्सचं चामडं दुमडून, कडेने टाके घालून काम उरकलं जातं. या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत ठाम झालं आहे की हा क्रम उलटा आहे. कमरेला लावायच्या सुरीचा विचार म्यानापासूनच सुरू झाला पाहिजे. मुठीचा फुगवटा कुठे ठेवायचा, पातं किती लांब, धार कुठे संपवायची, हे सगळं म्यानाशी बांधलेलं असतं, आणि मूठ एकदा चिकटवून पक्की झाली की यातलं काहीच बदलता येत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना हे जाचक वाटतं, म्हणून त्याची कारणं सविस्तर मांडतो.

सगळ्यात स्पष्ट पुरावा फिनलंडच्या पूक्को या सुरीत सापडतो. तळहाताच्या रुंदीएवढं, साधारण ८ ते १० सेंटिमीटरचं पातं, पाठ सरळ, धार एकाच बाजूला, मागे निमुळती शेपटी आणि ती बर्चच्या लाकडी मुठीत शिरलेली. पातं आणि मूठ यांच्यामध्ये हात अडवणारा आडवा दांडा नाही. म्यानाला बटण नाही, खटका नाही, वरून बांधायची पट्टी नाही. तरीही लाकूडतोड्या दिवसभर वाकला, चढला, उतरला तरी सुरी गळून पडत नाही. याचं कारण म्यान पात्यापुरतं नसतं, ते मुठीचाही मोठा भाग पोटात घेतं. मूठ मधे किंचित फुगीर असते. ओलं चामडं त्या फुगवट्यावरून दाबत नेऊन पुढे थोडं आवळून घेतलेलं असतं. सुरी आत रेटली की फुगवटा तोंडातून पलीकडे जातो आणि चामडं त्याच्या मागून मिटतं. आता मुठीला बोटांच्या खोल खाचा पाडल्या किंवा फुगवटा अगदी मागच्या टोकाला नेला, तर चामड्याला धरायला जागाच उरत नाही. मग नाइलाजाने पट्टी आणि बटण येतं, आणि घाईत सुरी उपसताना हमखास कापली जाते ती हीच पट्टी. कौहावा गावात ईसाक्की यार्वेनपाने १८७९ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे घोड्याच्या डोक्याच्या मुठीचे पूक्को जगभर गेले, ते सजवलेल्या म्यानासकट. तिथल्या कारागिराला सुरी आणि म्यान ही दोन कामं वाटत नाहीत.

दुसरं कारण सुरक्षिततेचं आहे आणि माझ्या लेखी तेच पहिलं. धारदार पातं म्यानात शिरताना दर वेळी आतून चामडं खरवडतं. नुसतं दुमडून शिवलेल्या म्यानात धार थेट टाक्यांवर येते आणि बाहेरून काहीही न दिसता एकेक टाका तुटत जातो. पूक्कोत यावर उपाय म्हणून चामड्याच्या आत लाकडाचा पोकळ साचा असतो. पातं त्यातच राहतं, आणि शिवण धारेच्या बाजूला नसून मागच्या मधोमध असते. नेपाळच्या खुकरीचं म्यानही लाकडाच्या दोन फाकांचं, वरून चामड्याने मढवलेलं. पण त्यातही धोका संपत नाही, कारण फाका जिथे जुळतात तिथली एक कड नेमकी धारेकडे असते. म्हणून खुकरी वापरायला शिकवताना पहिली ताकीद हीच देतात की म्यान धरताना बोटांचा वेढा धारेच्या बाजूला पडू द्यायचा नाही. जोडातून धार बाहेर आली तर ती आधी बोटांवरच येते. लाकूड कोरायचं नसेल तर धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये त्याच चामड्याची एक जाड पट्टी घाला आणि टाके त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेने घ्या. धार आणि टाका यांच्यात ५-६ मिलिमीटर चामडं राहिलं पाहिजे. ही पट्टी गाळून शिवलेलं म्यान मी कुणाच्या कमरेला बघितलं तर सुरी काढून ठेवायला सांगतो.

यावर जाणकार लोहार जो आक्षेप घेतात तो वजनदार आहे. सुरीचा जीव पाण्यात असतो, पाणी नीट चढलं नाही तर सोन्याचं म्यान काय कामाचं, असं ते म्हणतात. पाण्याचं महत्त्व मला पूर्ण मान्य आहे. कमानपाट्याचं पोलाद लोहचुंबक धरेनासं होईल त्याच्याही थोडं पुढे तापवून कोमट तेलात विझवायचं आणि मग साधारण २०० अंश सेल्सिअसला दोनदा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायचा, याला पर्याय नाही. पण दोन चुकांची जात वेगळी आहे. पाणी कमी पडलेलं पातं लवकर बोथटतं, कामात त्रास देतं, आणि मूठ बसवण्याआधी लक्षात आलं तर पुन्हा भट्टीत घालता येतं. फसलेलं म्यान मात्र मांडीत किंवा तळहातात कळतं. शिवाय पोलादाची परीक्षा घ्यायला कानस आहे, तीच कानस पात्यावरून घसरली की पाणी चढलं म्हणायचं. म्यानाची परीक्षा कुणी घेतच नाही. दुसरी शंका अशी असते की सुरीच नसताना म्यान आधी करायचं कशावर? शिवायचं मागाहूनच आहे, आधी ठरवायचं आहे. पुठ्ठ्यावर आराखडा काढा, त्यावरून सुरीच्या पूर्ण जाडीचा लाकडी नमुना तासा, त्याभोवती जाड कापड गुंडाळून तो कुठे अडकतो, कुठे निसटतो ते बघा. नमुन्याची मूठ तासायला काही लागत नाही. खरी मूठ तासली तर शेपटी उघडी पडते.

चामड्याच्या निवडीत सर्वात जास्त फसगत होते. बाजारात मिळणारं बहुतेक मऊ चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. पर्सला, जाकिटाला ते उत्तम, पण भिजवून दिलेला आकार ते वाळल्यावर धरून ठेवत नाही, आणि त्यात राहिलेले क्षार पोलादाला खातात. म्यानाला झाडाच्या सालीने कमावलेलं चामडंच लागतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावतात, म्हणजे आपल्याला हवा तो माल आपल्याच मुलखात तयार होतो. ओळखायचं कसं? कापलेली कड उजेडात धरा. आत निळसर करडी रेघ दिसली तर ते क्रोमचं. आरपार तपकिरी असेल आणि पाण्याचा थेंब टाकताच तो आत शिरून गडद डाग पडत असेल, तर ते सालीचं. लहान सुरीला अडीच ते तीन मिलिमीटर जाडी पुरते. मात्र सालीच्या चामड्याचाही एक गुण जपून हाताळावा लागतो. त्यातला तुरट अंश ओल्या लोखंडाला भेटला की काळा होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच तत्त्वावर बनायची. ओल्या चामड्यात उघडं पातं ठेवलं की काही तासांत पात्यावर काळे व्रण उमटतात आणि म्यानही आतून डागाळतं.

म्हणून कृती अशी करा. पात्याला धार अजून लावलेलीच नसावी, शेवटची धार म्यान वाळल्यावर. पात्याला तेलाचा हात फिरवून सुरी पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. चामडं कोमट पाण्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवा, मग बाहेर काढून थोडं सुकू द्या. वरचा रंग उजळू लागला पण हाताला अजून गार लागतंय, ही आकार द्यायची वेळ. भोकं आधीच आरीने पाडून ठेवलेली असली की शिवणं सोपं जातं. मेणवलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून आणायच्या. या शिवणीतला एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. यंत्राच्या टाक्याचा तेवढा भरवसा नाही. मग गुळगुळीत लाकडी काडीने मुठीच्या कडेकडेने दाबत जा, आतल्या सुरीची रेघ वर उमटली पाहिजे. वाळवायचं सावलीत, दीड-दोन दिवस. घाईने उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवलं तर चामडं आक्रसतं, तडकतं, आणि ते पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.

आपल्या पावसाळ्यात चामडं कशाला, प्लास्टिकचं म्यान का नको, असं कोकणातले लोक विचारतात आणि त्यात तथ्य आहे. चामडं ओल धरतं, त्याला बुरशी येते, आणि त्यात महिनोन्महिने पडून राहिलेलं पातं गंजतं. मासेमारीला, होडीवर, मी स्वतः प्लास्टिकचंच सुचवतो. स्वीडनच्या मोरा सुऱ्या त्याच म्यानांत येतात आणि चांगल्या टिकतात. पण चामड्यातला हा दोष सुरी नेण्यातला नाही, ठेवण्यातला आहे. म्यान वाहून नेण्यासाठी असतं. घरी आल्यावर पातं पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात देऊन वेगळं ठेवायचं. म्यानाच्या टोकाला पाणी निथळायला छोटं भोक ठेवावं, आणि बाहेरून मधमाशीचं मेण चोळावं. तेल पाजून मऊ करू नये, कारण कडकपणा गेला की सुरी धरण्याची ताकदही गेली. पितळी रिव्हेटवर हिरवा थर जमला तर तो चामड्यातल्या स्निग्धांशामुळे येतो, पुसून काढावा. राहिला प्रश्न परंपरेचा, की आपल्याकडे कोयत्याला म्यान कुठे होतं? नव्हतं, आकडी होती. कमरेच्या मागे बांधलेल्या आकडीत कोयता अडकतो तो त्याच्या स्वतःच्या आकारामुळे, आणि तसा तो अडकावा याचा विचार लोहाराने आणि शेतकऱ्याने हत्यार घडवतानाच केलेला असतो. म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

कमरेला लावायचं ठरलं की कायदाही ध्यानात घ्यावा लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या, खुकरीसह, शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम आणि शेती यांसारख्या कामांसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाईहुकूम लागू असेल तेव्हा सार्वजनिक जागी साधी सुरी बाळगणंही अडचणीचं ठरतं. म्हणून आराखड्यातच पातं १० सेंटिमीटरच्या आत ठेवा, आणि शेत, रान किंवा छावणी सोडून कमरेला लावू नका. प्रवासात ती सामानात, म्यानात, वरून दोऱ्याने बांधलेली असावी.

म्यान पूर्ण वाळलं की धार लावण्याआधी त्याची परीक्षा घ्या. सुरी आत बसवून म्यान उलटं धरा आणि जुन्या गादीवर जोरात झटका द्या. सुरी हलता कामा नये. मग एका हाताने म्यान धरून त्याच हाताच्या अंगठ्याने मुठीला बाहेर रेटा. एका दमात, न अडखळता ती मोकळी झाली पाहिजे. झटक्याने निसटत असेल तर म्यानाचं तोंड तेवढं पुन्हा भिजवून, गुंडाळलेल्या सुरीवर आवळून वाळवा. दोनदा आवळूनही सैलच राहिलं, तर मुठीचा फुगवटा चुकीच्या जागी आहे असं समजा. अशा सुरीला कमरेचा पट्टा देऊ नका, ती स्वयंपाकघरात वापरा आणि पुढच्या सुरीचा लाकडी नमुना तासायला घ्या.