लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे आकार

गेल्या वैशाखात अमावास्येच्या सुमारास आम्ही काही मित्र भाटघर धरणाच्या जलाशयाकाठी लहानशी दुर्बीण घेऊन बसलो होतो. कन्या राशीत, चित्रेच्या बरेच वर, एक पुसट ठिपका सापडला. ती साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास असलेली 'एम ८७' ही दीर्घिका. मी वहीत लिहिले, "आकार : चेंडूसारखा." ते वाक्य मला पुढे खोडावे लागले. त्याचे कारण येथे सांगावयाचे आहे.

हबल या शास्त्रज्ञाने १९२६ साली लंबवर्तुळाकार दीर्घिकांची 'ई ०' ते 'ई ७' अशी प्रतवारी लावली. शून्य म्हणजे गोल, सात म्हणजे सर्वांत चपटी. परंतु ही प्रतवारी दिसणाऱ्या आकाराची आहे. दुधी भोपळा देठाकडून पाहिला तर गोल, बाजूने पाहिला तर लांबट! भोपळा हातात फिरवता येतो. दीर्घिकेची मात्र एकच बाजू आपल्या वाट्यास येते.

हा चपटेपणा दीर्घिका स्वतःभोवती फिरल्यामुळे येतो, असे पूर्वी मानीत. १९७५ पासूनच्या मोजमापांत मात्र तेजस्वी दीर्घिका फारच सावकाश फिरतात असे आढळले. मग आकार येतो कोठून? ताऱ्यांच्या गती सर्व दिशांना सारख्या नसतात, त्यातून.

येथे दाटीचा संबंध येतो. अॅलन ड्रेसलर यांनी १९८० साली ५५ दीर्घिकासमूह तपासून दाखविले, की जेथे दाटी अधिक तेथे लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे प्रमाणही अधिक. लहान, दाट गटांत दीर्घिकांचे परस्परवेग कमी असतात. त्यामुळे त्या एकमेकींत मिसळतात. तारे सहसा आदळत नाहीत, पण गुरुत्वाकर्षणाने त्यांच्या कक्षा विस्कटतात. सर्पिल तबकड्या मोडतात आणि लांबट गोळा उरतो. दाटी तरी केवढी असावी? पुण्याच्या 'आयुका' व 'आयसर' येथील शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेल्या 'सरस्वती' महासमूहात निदान ४३ दीर्घिकासमूह आहेत!

आणि आमची एम ८७? तीही कन्या राशीतील अशाच एका समूहाच्या मध्याशी आहे. २०२३ साली तिच्यातील ताऱ्यांच्या गतींवरून तिचा खरा आकार काढण्यात आला. तिची लांबी, रुंदी व उंची तिन्ही वेगवेगळ्या निघाल्या. म्हणजे ती चेंडूसारखी नसून बटाट्यासारखी आहे.

वहीतले वाक्य खोडून मी लिहिले, "भाटघरहून गोल दिसली." एवढेच खरे होते.