रोबोटिक्सच्या पदवीआधी बांधकामाची साइट बघा

निकाल लागले की मरोळ-अंधेरीतले पालक एकच प्रश्न घेऊन येतात : "एआय-रोबोटिक्सला कुठे प्रवेश मिळेल?" मुलगा सिव्हिल म्हणाला, तर घरात सुतक पडल्यासारखे चेहरे होतात. स्पष्ट सांगतो, अभ्यासक्रमाच्या नावात रोबोटिक्स आहे एवढ्यावर लाखोंची फी भरू नका. कॉम्प्युटर, मेडिकल, सीएच्या वाटा तुम्हाला पाठ आहेत, त्या सोडून बांधकामाच्या वाटेबद्दल बोलतो.

बांधकामात कुशल माणसं मिळत नाहीत. 2024 मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी कंपनीला 25 ते 30 हजार कामगार कमी पडत असल्याचं सांगितलं होतं. म्हणून यंत्रं येताहेत. मरोळ नाक्याखालून जाणाऱ्या मेट्रो 3 चे बोगदे 17 टीबीएमनी, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्रांनी, खणले. या यंत्रात बोगद्याच्या अस्तराचे काँक्रीटचे सेगमेंट यांत्रिक हात उचलतो, पण तो हात चालवायला ऑपरेटर लागतोच.

छताला भोकं पाडायचं काम घ्या. मान वर करून, डोळ्यांत धूळ घेत दिवसभर ड्रिल धरायचं. बांधकामाची अवजारं बनवणाऱ्या हिल्टी कंपनीने 2020 मध्ये त्यासाठी 'जायबॉट' हा रोबोट आणला. इमारतीच्या डिजिटल मॉडेलवरून तो भोकांच्या जागा घेतो आणि टोटल स्टेशन या मोजणी यंत्राच्या आधारे तिथे पोचतो. मात्र मॉडेलच चुकलं असेल, तर चुकीच्या जागीही तो तितक्याच अचूकपणे भोक पाडणार. ही चूक वेळेत पकडतो तो नकाशा वाचता येणारा, स्लॅब कसा भरतात हे पाहिलेला माणूस. अशी माणसं तयार करण्याकडे आपलं लक्षच नाही, याची मला खरी चिंता वाटते.

असा माणूस व्हायचं तर दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्या, नाहीतर सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा करा. वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन मरोळहून लांब नाही. डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे पदवीचं दार उघडंच राहतं. सुरुवातीला पगार बेताचा, ऊन आणि धूळ भरपूर. हे मुलाला आधीच सांगा.

आणि पालकहो, "आयटीआय म्हणजे नापासांची जागा" हे वाक्य घरात बंद करा. हाताला यंत्राची ओढ असलेली मुलं याच वाक्यापायी नको त्या वर्गात कुढत बसतात. नातेवाईक काय म्हणतील याचा हिशेब तुमचा आहे, मुलाच्या माथी मारू नका. फॉर्म भरण्याआधी त्याला एकदा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा आणि तिथल्या निदेशकांना प्रश्न त्यालाच विचारू द्या.