आधी गोठ्यात, मग घरात

कपाटाखालच्या फरशीवर पिठासारखी बारीक, पिवळसर भुकटी दिसली तर ती नुसती झाडून मोकळं होऊ नका. तिथं काळं कापड अंथरा आणि आठ दिवसांनी पुन्हा बघा. भुकटी परत पडली असेल, तर लाकूड आतून खाल्लं जातंय हे नक्की समजा. आमच्या घरात या भुकटीचा उलगडा होईपर्यंत माजघराची कुडाची एक भिंत पोखरून गेली होती. जुन्या वस्तूंनी आणि हातानं घडवलेल्या कामानं घर सजवायची हौस आता शहापूर-मुरबाडकडे पुष्कळांना लागली आहे. हौस चांगलीच आहे, मला आजही आहे. म्हणूनच हे लिहायला बसले.

आमचं घर माहुलीच्या पायथ्याकडच्या एका गावात. मामंजींनी बांधलेलं, कौलारू. पुढं विटांची ओसरी, आत माजघर आणि माजघराच्या दोन भिंती कारवीच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही मुंबईहून कायमचे गावी आलो, तेव्हा नवं फर्निचर घ्यायचं नाही असं दोघांनीही ठरवलं. जुन्या सामानाला तोटा नव्हता. घरकुल योजनेतून पक्की घरं उभी राहिली, समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, जमिनींचे पैसे हातात आले, तशी गावोगावची जुनी घरं उतरवली गेली. त्यांचे खांब, दारं, फळ्या, पाळणे, हंडे, जाती टेम्पोत भरून रस्त्याकडेच्या शेडमध्ये जाऊन पडली. अशाच एका दुकानातून आम्ही एक ठेंगणं सागवानी कपाट, एक रंगवलेला पाळणा आणि पितळेची थोडी भांडी घेतली. बुरुडांकडून टोपल्या आणि सुपं आणली, म्हसा गावच्या यात्रेतून घोंगड्या.

कपाट देखणं होतं. त्याची दारं खरोखरच सागाची होती. पण मागची फळी आणि खणांचे तळ कधीतरी दुरुस्तीत बदललेले, हलक्या लाकडाचे. त्यातली भोकं मेण आणि रंगीत लांबी भरून बुजवलेली आणि वरून पॉलिशचा हात मारलेला. विकणाऱ्यानं ते सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते पावसाळा उलटल्यावर, टाचणीच्या डोक्याएवढी नवी भोकं उघडली तेव्हा. सागाच्या गाभ्याला हा भुंगेरा सहसा तोंड लावत नाही. त्याला हवं असतं लाकडातलं पिष्ट, आणि ते सालीलगतच्या फिकट लाकडात, आंब्यासारख्या हलक्या लाकडात आणि सगळ्यात जास्त बांबूत असतं. अळी आत महिनोन्‌महिने खात राहते, बाहेर काही दिसत नाही. पंख फुटले की ती भोक पाडून बाहेर पडते आणि जवळच्या उघड्या, पॉलिश न केलेल्या लाकडात अंडी घालते. कपाटाशेजारी आमच्या टोपल्या होत्या, त्यांच्यामागं कारवीचा कूड. लिंपण जिथं सुटलं होतं तिथून किड्यानं आत वाट काढली.

सासूबाईंनी ती भिंत बघितली आणि त्या एवढंच म्हणाल्या, "चूल गेली, धूर गेला, मग हे येणारच." त्या वाक्यावर मी बराच विचार केला. जुन्या घरात टोपल्या, कणग्या, इरली माळ्यावर असायची आणि खालच्या चुलीचा धूर रोज त्यांना लागायचा. वासे, कारवी, बांबू काळे पडायचे, पण शाबूत राहायचे. भिंतींना, जमिनीला सणासुदीला शेणाचा हात फिरायचा, तेव्हा प्रत्येक कोपरा बाईच्या नजरेखालून जायचा. वैशाखात सगळं अंगणात निघायचं. हाच त्या वस्तूंचा औषधोपचार होता. आपण गॅसच्या घरात, फरशीवर, बंद खिडक्यांच्या खोलीत तीच वस्तू आणून ठेवतो. वस्तू टेम्पोतून येते, तिची निगा मागच्या घरातच राहते. बहुतेक सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

म्हणून आमच्याकडे आता एक नियम आहे. कुठलीही जुनी लाकडी वस्तू आधी गोठ्यात जाते, मग घरात. गुरं कमी झाल्यामुळे आपल्याकडे रिकामे गोठे पुष्कळ आहेत. पत्र्याचा, सिमेंटच्या खांबांचा गोठा असेल तर उत्तम. नसेल तर गच्चीवरची शेड चालेल, पण घराच्या लाकडापासून ती लांब हवी. वस्तू विटांवर ठेवा, खाली काळं कापड घाला, दिसतील त्या प्रत्येक भोकाभोवती खडूनं गोल करा. गोलाबाहेर नवं भोक दिसलं की किडा जिवंत आहे. एक पावसाळा पूर्ण जाऊ द्या, कारण पावसाच्या तोंडाशी आणि दमट हवेत हे किडे बाहेर पडायला लागतात. घाई असेल तर वस्तू घेऊच नका असं मी सांगेन. घेताना ती उलटी करून बघा, खण पूर्ण बाहेर काढा, पाठीमागची फळी बोटानं ठोका. चांगल्या बाजूचं लाकूड बघण्यात वेळ घालवू नका, बदललेला तुकडा शोधा.

वाळवीची आणि या भुंगेऱ्याची गल्लत मात्र करू नका. वाळवीचं वारूळ जमिनीत असतं, ती ओली मातीची नळी बांधत वर चढते. जुन्या कपाटातून ती सहसा घरात येत नाही, उलट घराच्या जमिनीतून ती कपाटात जाते. तिच्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं आणि पाय जमिनीवरून उचललेले ठेवणं हाच पहिला उपाय. भुंगेऱ्याची खूण म्हणजे कोरडी भुकटी आणि गोल भोक, मातीचा मागमूस नसतो.

उपचार वस्तूगणिक वेगळे. लाकडी डबी, छोटी चौकट, लाटणं अशी बारीक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवली तर आतली अळी मरते. गोधडी, घोंगडीच्या कसरीलाही हेच लागू पडतं. विनापॉलिश लाकूड आणि बांबू यांना बोरिक ॲसिड आणि टाकणखाराचं पाणी चांगलं लागू पडतं. १० लिटर गरम पाण्यात २०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३०० ग्रॅम टाकणखार विरघळवायचा, हातमोजे घालून दोन-तीन वेळा भिजेपर्यंत हात द्यायचा आणि सावलीत वाळवायचं. पॉलिशच्या थरातून हे पाणी आत जात नाही, म्हणून आधी पॉलिश काढावं लागतं. पावसात भिजणाऱ्या वस्तूतून ते धुऊन जातं, म्हणून ते ओसरीच्या आतल्या वस्तूंसाठीच. आणि ज्या सुपात तांदूळ पाखडायचे, ज्या टोपलीत भाकरी ठेवायची, तिला ते लावायचं नाही. रॉकेल ओतायची जुनी सवय सोडा. घरात आगीला निमंत्रण मिळतं आणि अळी आत खोल असेल तर तिच्यापर्यंत ते पोचतही नाही. मोठं कपाट फार पोखरलं असेल तर भोकाभोकातून सुईनं औषध भरणारा जाणकार माणूस बोलवावा. आमच्या कपाटाची मागची फळी आणि खण जाळून टाकले, सागाची दारं राहिली. त्यांचं आता भिंतीतलं फडताळ झालं आहे.

आता पाळण्याचं. किडा नुसतं लाकूड खातो. पाळण्याची गोष्ट त्याहून गंभीर होती. हिरव्या-पिवळ्या ऑइलपेंटचा सुंदर पाळणा होता, माझ्या सुनेला दिवस गेले होते, आणि सुतार ओसरीवर तो मशीननं घासायला बसला होता. भाचा रंगाच्या कारखान्यात कामाला. तो आला म्हणून बरं, नाहीतर सगळ्या ओसरीभर ती धूळ बसली असती. जुन्या तैलरंगात, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, केशरी रंगांत, शिसं भरपूर असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंतच असावं हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कुठल्याही दाराबद्दल, खिडकीबद्दल, पाळण्याबद्दल शंका धरलीच पाहिजे. शिसं लहान मुलाच्या मेंदूवर परिणाम करतं, गर्भातल्या बाळावरही करतं. रक्तातली त्याची अमुक एक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

रांगणारं मूल जमिनीवरची धूळ बोटानं तोंडात घालतं आणि पाळण्याची कड चावतं, हे आपल्याला सांगायला नको. तेव्हा जुना रंग कोरडा घासायचा नाही, ज्योतीनं जाळायचाही नाही. काढायचाच असेल तर अंगणात, ताडपत्रीवर, पाणी मारत ओला खरवडायचा. खपल्या पिशवीत बांधायच्या, जागा केरसुणीनं न झाडता ओल्या फडक्यानं पुसायची. मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नकोत. घट्ट बसलेला, न सुटणारा रंग असेल तर त्यावर नवा रंग चढवून दार उंच भिंतीला लावता येतं. पण ज्याला मुलाचं तोंड लागेल अशी जुनी रंगीत वस्तू घेऊ नका. मुलांच्या बाबतीत मी कुठलीही तडजोड मान्य करत नाही. आमचा पाळणा गोठ्यातच राहिला. नातवासाठी सासूबाईंच्या लुगड्याची झोळी बांधली.

पितळेबद्दल थोडकंच. जोडावर डाक दिलेल्या जुन्या भांड्यात पिण्याचं पाणी किंवा आंबट पदार्थ ठेवू नका, त्या डाकेतही शिसं असतं. फुलं ठेवा, दिवा ठेवा. स्वयंपाकाला वापरायचं तर भांडं अखंड असलं पाहिजे आणि आत कल्हई. जुना टांगता दिवा घेतला तर त्यातली वायर आणि होल्डर दोन्ही बदलून मगच वीज जोडा.

काही गोष्टी स्वस्तात मिळाल्या तरी घरात आणायच्याच नसतात. शेडच्या मागच्या बाजूला कधी सांबराची शिंगं दाखवतात, "आजोबांच्या वेळची आहेत" म्हणून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. अशी शिंगं विकणं हा गुन्हा, आणि मालकीचा दाखला नसताना ती बाळगणंही गुन्हाच. तानसा अभयारण्य आपल्या उशाशी आहे, इथं तरी याचं भान हवं. तसंच दगडांचं. फार्महाऊसच्या बागेत शेताच्या बांधावरचा वीरगळ किंवा गधेगाळ उचलून नेऊन ठेवल्याचं मी पाहिलं आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, शिल्प हे कायद्यानं पुरावशेष ठरतं, त्याची पुरातत्त्व खात्याकडे नोंद लागते. पण कायद्याआधी आणखी एक गोष्ट आहे. त्या दगडाला गावातलं कुणीतरी अजून शेंदूर लावत असतं, पावसाच्या आधी नारळ फोडत असतं. वाघोबाची पाटी, देवाचे टाक याबद्दलही हेच म्हणेन. कुणाचा देव आपल्या दिवाणखान्यात शोभेला ठेवू नये. जुन्या सागाचे खांब, वासे गावाबाहेर न्यायचे असतील तर टेम्पो ठरवण्याआधी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याचं विचारून घ्या.

वारली चित्रांच्या बाबतीतही असंच थोडं थांबायला हवं. लग्नाचा चौक हा सवाशिणींनी काढायचा असतो, त्यात पालघट देवी असते, त्यामागं गाणी आणि विधी असतात. तो जेवणाच्या टेबलामागं नको. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकापासून हीच भाषा कागदावर आणली. शेती, मासेमारी, तारप्याचा नाच असं रोजचं जगणं त्यांनी चितारलं, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घरासाठी मागायचं असेल तर चित्रकाराला असं जगण्याचं चित्र मागा, आपल्या गावची भातलावणी मागा. भिंतीवर नुसत्या तांदळाच्या पिठानं काढलेलं चित्र आपल्या पावसाळ्यात बुरशीनं जातं. दरवर्षी नवं काढायची तयारी असेल तरच ते करा. नाहीतर गेरू दिलेल्या कापडावर टिकाऊ पांढऱ्या रंगात काढून घ्या, आणि ते विटा-सिमेंटच्या बाहेरच्या भिंतीला न चिकटवता मागं हवा खेळेल असं टांगा. पैसे चित्रकाराच्या हातात द्या. छापील नक्षीचे पडदे आणि कप-बश्या कुठंही मिळतात, त्यातला एक रुपयाही पाड्यावर पोचत नाही.

बांबूचं काम घेताना बांबू कधी तोडला हे विचारा. चांगला बुरूड न चिडता सांगतो, उलट विचारलं म्हणून खूश होतो. पाऊस संपून थंडी पडल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला बांबू टिकतो असं जुनी माणसं सांगतात. त्यातला पंधरवड्याचा भाग सोडला तरी थंडीचा भाग पक्का आहे, कारण पावसाळ्यात कोंब वाढवायला बांबूनं साठवलेलं पिष्ट खर्च केलेलं असतं. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू नको. तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला असेल तर आणखी बरं. म्हणून टोपल्या, दिव्याचे डोलारे, पडदे मे-जूनमध्ये तयार मालातून उचलण्यापेक्षा दिवाळीनंतर सांगून ठेवावेत, थोडी रक्कम आगाऊ द्यावी आणि भाव पाडू नये. पौषी पौर्णिमेला म्हसा इथं खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार मोठा असतो, पण घरासाठी जाणाऱ्यानं घोंगड्यांच्या रांगेकडं वळावं. खरी लोकरीची घोंगडी हाताला खरखरीत लागते. एक दोरा मागून घेऊन जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख चिमटीत चुरली तर ती लोकर, गाठ होऊन टणक राहिली तर त्यात कृत्रिम धागा आहे. भिंतीला लावायची असेल तर खिळे न मारता वरच्या कडेला कापडाची नळी शिवून काठीवर टांगा. आश्विनाच्या उन्हात आणि वैशाखात दोन्ही बाजूंनी ऊन द्या, काठीनं झटका आणि घडी घालून ठेवताना दर वेळी घडीची जागा बदला.