बाकावरचे पांघरूण

७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. त्याआधीच कोकणातील घरांत आवराआवर सुरू होते. अंगणातील खाटा व खुर्च्या पडवीत येतात आणि पडवीच्या उघड्या बाजूला झावळ्यांच्या विणलेल्या झापांचा आडोसा उभा राहतो. दोन पिढ्यांनी बसून गुळगुळीत केलेले जड बाक मात्र अंगणातच राहते. त्याला मेणकापडात घट्ट गुंडाळले, दोरीने आवळले, की माणूस निश्चिंत होतो. परंतु लाकूड आधीच ओलसर असेल, तर ती ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि लाकूड झाकलेल्या जागीच कुजू लागते. साग अंगच्या तेलामुळे पुष्कळ तग धरतो. आंब्याच्या लाकडाला तेवढा धीर नसतो.

म्हणून बाक प्रथम उन्हात खडखडीत वाळवावे व त्याचे पाय विटांवर टेकवावेत. आच्छादन जमिनीपासून वीतभर वरच थांबवावे, म्हणजे खालून वारा खेळतो. मध्ये आधार देऊन कापडाला उतार द्यावा, नाहीतर त्याच्या खोळीत पाणी साचते. या बाबतीत साधा झापच सरस म्हटला पाहिजे. त्यावरून पाणी निथळते, पण वारा अडत नाही. श्रावणात ऊन पडले, की जाणती माणसे आच्छादन दूर करून बाक घटकाभर उघडे ठेवतात.