मळा तिचा, नाव कुणाचं?

या महिन्याचा धडा लांबच्या शेतातला आहे, पण वाचताना आपलंच गाव आठवेल.

चॉकलेट कोकोच्या बियांपासून बनतं. जगातला निम्म्याहून जास्त कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. पिकवणारे बहुतेक आपल्यासारखेच लहान शेतकरी.

तिथे रोपांना पाणी घालणं, फळांतल्या बिया काढणं, त्या केळीच्या पानांत पाच-सहा दिवस आंबवणं, उन्हात वाळवणं, यातलं बरंचसं काम बायका करतात. जमीन मात्र बहुतेक पुरुषाच्या नावावर. म्हणून सोसायटीचा सभासद तो, प्रशिक्षणाला तो, आणि पट्टीही त्याच्याच हातात.

आता हवामान बदलतंय. २०२३ मध्ये तिथे अतिपावसाने फळं काळी पडून कुजली. पीक इतकं घटलं, की २०२४ मध्ये जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. पण घरात मालच नाही, तर वाढलेला भाव काय कामाचा?

यावर उपाय आहेत: कोवळ्या रोपांना केळीची सावली, मळ्यात मोठी झाडं, रोगट फळं वेळेवर काढणं. पण प्रशिक्षण एकाला आणि काम दुसरीला, मग उपाय शेतात उतरणार कसा? आणि उद्या मळ्यातून बाहेर काढतील अशी भीती असेल, तर वीस वर्षं टिकणारं झाड ती कशाला लावेल?

घानात पूर्वी अनेक समाजांत नवरा वारला की मळा त्याच्या भाच्यांकडे जायचा. १९८५ च्या कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, त्याच्या स्वकमाईच्या मालमत्तेत बायको-मुलांना वाटा मिळाला. आयव्हरी कोस्टमध्ये बायकांचे बचत गटही आहेत. पैशांच्या पेटीला तीन कुलुपं, किल्ल्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे!

आपल्याकडे लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्याच्या संमतीने सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्जाची चौकशी तलाठ्याकडे करा.

बैठकीत बोलूया:
१. आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे?
२. मागच्या शेती प्रशिक्षणाला घरातून कोण गेलं? काम कोण करतं?
३. पुढच्या पावसाळ्यात बांधावर कोणती झाडं लावायची, हे कोण ठरवणार?

उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीत मी ती वही बघणार आहे.