सूर्यफुलाचा केवडा: खर्च करायचा तो पेरणीआधी

सूर्यफुलाचं झाड गुडघ्याएवढं खुजं राहिलं, पानं शिरांच्या कडेने पिवळी पडली, पान उलटलं की खाली पांढरी पावडर, आणि फूल मान न झुकवता आभाळाकडे बघत ताठ उभं. हा केवडा. दाणे पोचट, तेलाचं नाव नाही. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९८०च्या दशकात, लातूर भागात. दुकानात त्याला बुरशीच म्हणतात. खरं तर हा बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव, त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. मातीत तो कित्येक वर्षं टिकतो आणि कोवळ्या रोपाला मुळातून धरतो. म्हणून रोगट झाडावर वरून कितीही फवारलं तरी ते सुधारत नाही. ते पैसे वाचवा.

आता एका एकराचा हिशोब. संकरित बियाणं लागतं दोन ते अडीच किलो. ते तुम्ही विकत घेणारच. घेताना केवड्याला प्रतिकारक वाण कोणता, एवढं विचारायला पैसे पडत नाहीत, आणि सगळ्यात मोठं काम तेच करतं. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची पावडर) किलो बियाण्याला ५ ग्रॅम चोळायचा, म्हणजे एकराला जेमतेम १३ ग्रॅम. किलोचा पुडा २०० रुपयांना धरला तरी बीजप्रक्रिया अडीच-तीन रुपयांत होते! उरलेला पुडा ४०-५० किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत झाका आणि पेरणीआधी सरीत टाका. शेणखत घरचं असेल तर खर्च २०० रुपयांवर जात नाही. मात्र ट्रायकोडर्माची खरी ताकद मूळकुजीवर. केवड्यावर तो एकटा पुरत नाही. पुड्यावरची मुदत बघा, उन्हात ठेवलेला पुडा घेऊ नका. बियाणं रंगीत असेल तर पिशवीवर औषधाचं नाव वाचा. काही बुरशीनाशकं ट्रायकोडर्मालाही मारतात.

दौंडच्या कालव्याखालच्या भारी रानात पाणी तुंबतं आणि बीजाणू त्यात पोहत पसरतात, तिथे सरी-वरंबा हवाच. शिरूरच्या हलक्या माळावर ती भीती कमी. रोगट रोपं दिसताच उपटून जाळायची, त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी. त्या रानात पुढची तीन वर्षं ज्वारी-हरभरा घ्या, सूर्यफूल नको.

शंका असेल तर रोप मुळासकट उपटा आणि औषध घेण्याआधी दाखवून या: शिरूरकरांनी नारायणगावच्या, दौंडकरांनी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात.