डोळ्यांची हाक

चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या गृहिणीचे डोळे चुरचुरतात. कांदा चिरणाऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागतात. आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइलच्या पडद्याकडे टक लावून पाहणाऱ्या मुलाचेही डोळे जळजळतात. तक्रार एकच, परंतु कारणे तीन. कारणे भिन्न असली म्हणजे उपायही भिन्नच असावे लागतात. डोळ्यांची जळजळ हा बहुधा स्वतंत्र रोग नसतो. ती डोळ्याने मारलेली हाक असते. ती कशासाठी आहे, हे ओळखणे ही उपचाराची पहिली पायरी होय.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते. त्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. मात्र मज्जातंतूंचे जाळे इतके दाट असते की, धुळीचा एक कणही तेथे खुपतो. या नाजूक आवरणावर अश्रूंचा पातळ थर पसरलेला असतो. पापणी लवली की हा थर ताजा होतो. अश्रू केवळ दुःखाचे सोबती नव्हेत; ते डोळ्याचे रक्षकही आहेत. त्यांत जंतूंचा नाश करणारे लायसोझाइम नावाचे द्रव्य असते. त्याचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने 1922 साली जाहीर केला.

कांदा चिरताना त्याच्या पेशी फुटून एक झोंबरा वायू बाहेर पडतो. तो डोळ्यांना लागताच अश्रूंचा ओघ सुरू होतो व वायूचा अंश धुऊन निघतो. येथे औषधाची गरज नसते. धुरामुळे जळजळ होत असेल, तर धूर बाहेर जाण्यास वाट करून देणे व स्वच्छ पाण्याने डोळे धुणे, हाच खरा उपाय. मोबाइल किंवा पुस्तक पाहताना मात्र वेगळेच घडते. एरवी मिनिटाला सुमारे 15 वेळा लवणारी पापणी तेव्हा फार कमी लवते आणि अश्रूंचा थर सुकू लागतो. अशा वेळी दर 20 मिनिटांनी नजर दूरवर न्यावी आणि पापण्यांची सावकाश उघडझाप करावी.

कधी कधी डोळे लाल होतात, चुरचुरतात आणि सकाळी चिपडांनी चिकटतात. यालाच ‘डोळे येणे’ म्हणतात. सन 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात याची मोठी साथ आली होती. आजाऱ्याच्या डोळ्यांकडे नुसते पाहिल्याने हा रोग जडतो, अशी समजूत आहे. ती खोटी आहे. तो पसरतो हातांवाटे, रुमालावाटे आणि उशीवाटे. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. साबणाने वारंवार हात धुणे, आपला टॉवेल वेगळा ठेवणे व डोळे न चोळणे, याच गोष्टींनी ती आटोक्यात येते.

सर्वांत घातक जळजळ चुन्याची. पान खाणाऱ्यांच्या घरी चुन्याची डबी किंवा पुडी सहज मुलांच्या हाती पडते. दाबताच पुडी फुटते आणि चुना डोळ्यांत उडतो. चुना स्वच्छमंडलात खोलवर शिरून त्याची पारदर्शकता नष्ट करू शकतो. दृष्टी कायमची जाण्याचाही धोका असतो. अशा वेळी एक क्षणही दवडू नये. पापण्या उघड्या धरून, हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याची धार डोळ्यांत निदान 20 मिनिटे सोडावी. डोळा चोळू नये. त्यानंतर मुलास ताबडतोब नेत्रवैद्याकडे न्यावे. तेथे पोहोचेपर्यंत डोळा तसाच ठेवला, तर वाटेतच मोठी हानी होऊन बसते.

मराठीत दक्षतेने पहारा करण्यास ‘डोळ्यांत तेल घालून पहारा करणे’ असे म्हणतात. हा वाक्प्रचार आहे, औषधोपचार नव्हे! तेल, तूप, मध, दूध किंवा लिंबाचा रस डोळ्यांत घालू नये. दुसऱ्याच्या आजारातील उरलेले थेंबही वापरू नयेत. जळजळ थांबत नसेल, वेदना होत असतील, अंधुक दिसत असेल किंवा उजेड सोसवत नसेल, तर वडीलधाऱ्यांना सांगून नेत्रवैद्यास दाखवावे. डोळ्यांची हाक वेळीच ऐकणाऱ्याची दृष्टी सुरक्षित राहते.

शब्दार्थ
चिपडे – डोळ्यांत जमणारा चिकट मळ. दक्षता – सावधगिरी. ओघ – प्रवाह. नेत्रवैद्य – डोळ्यांचा डॉक्टर.

स्वाध्याय
1. अश्रूंना डोळ्याचे रक्षक का म्हटले आहे?
2. कारणे द्या : चुना डोळ्यांत गेल्यास प्रथम पाण्याने डोळा धुवावा.
3. ‘डोळे येणे’, ‘डोळ्यांत खुपणे’, ‘डोळे उघडणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.